मुलांचे छायाचित्र आणि घराची मर्यादा



प्रतिवर्षीप्रमाणे गेल्या गणेशोत्सवातही आपल्या देवालयात बालगोपाळांची पाठांतर स्पर्धा उत्साहाने पार पडली. अथर्वशीर्ष, रामरक्षा आणि मनाचे श्लोक मुलांनी इतके स्वच्छ म्हटले की, सभामंडपात बसलेल्या वडीलधाऱ्यांना आपले बालपण आठवले. बक्षीस समारंभानंतर विजेत्या मुलांचे छायाचित्र घेण्यात आले. प्रत्येकाचे पूर्ण नाव, इयत्ता व शाळा लिहून ते त्याच संध्याकाळी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठविले गेले आणि पुढील अंकात आम्ही ते छापलेही. मुलांचे कौतुक व्हावे, एवढाच हेतू होता.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांतील एका मुलीचे वडील कार्यालयात आले. शाळा सुटल्यावर फाटकाजवळ एका अनोळखी गृहस्थाने तिला नावाने हाक मारली, देवळात बक्षीस मिळाल्याबद्दल शाबासकी दिली आणि "चल, घरी सोडतो" असे म्हटले. मुलगी शहाणी, ती तशीच मागे फिरली आणि आपल्या बाईंजवळ जाऊन उभी राहिली. पुढे काही घडले नाही. तो मनुष्य कोण होता, हे आजतागायत कळलेले नाही. कदाचित कोणाचा स्नेहीही असेल. परंतु त्यानंतर आठ दिवस ती मुलगी एकटी शाळेत जाईना. वडिलांबरोबर तीही आली होती. तिने आम्हांला एकच प्रश्न विचारला : "काका, माझा फोटो सगळ्यांना पाठवायच्या आधी मला का नाही विचारलंत?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने, ओळख पटेल असे काही न सांगता, ही हकीकत येथे दिली आहे. मुलांना आपले खाजगीपण जपावयास शिकवावे, असे आपण सर्वजण म्हणतो. तथापि ज्या मुलाला कोणी कधी विचारलेच नाही, ते दुसऱ्याला विचारावयास कोठून शिकणार? आणि ज्याचा नकार घरात कोणी मानला नाही, ते परक्याला नकार कसे देणार? हा पाठ मुलांपूर्वी मोठ्यांनी गिरवावयाचा आहे, हे प्रथमच सांगून विषयाकडे वळतो.

छायाचित्र न बोलता काय सांगते

आपण चित्रात मुलाचा चेहरा पाहतो. परका मनुष्य त्याच्या आजूबाजूचे पाहतो. गणवेशावरील बोधचिन्हावरून शाळा कळते. गळ्यातील ओळखपत्रावर नाव, तुकडी आणि पुष्कळदा पालकांचा दूरध्वनी क्रमांकही असतो. मागे उभ्या असलेल्या स्कूटरचा क्रमांक, दारावरची पाटी, सोसायटीचे नाव यांवरून घर सापडते. वाढदिवसाच्या केकवरील आकडा आणि चित्र पाठविल्याचा दिवस एकत्र केला की, जन्मतारीख तयार होते. 'आम्ही सर्व आज महाबळेश्वरी' असे लिहिलेले चित्र घराला कुलूप असल्याची वर्दी देते. दर शनिवारी त्याच मैदानावरचे चित्र टाकले, तर मूल कोणत्या वेळी कोठे असते याचे वेळापत्रकच लोकांच्या हाती जाते.

परीक्षेच्या प्रवेशपत्राचे चित्र हौसेने पाठविणारे पालकही आम्ही पाहिले आहेत. पुण्या-मुंबईच्या आपल्या आप्तांनी येथे विशेष जपावे. महाराष्ट्रातील दहावीचा निकाल इंटरनेटवर आसनक्रमांक आणि आईचे नाव दिल्यावर पाहता येतो. ही दोन्ही ज्याच्या हाती लागली, तो मुलाच्या आधीच त्याचे गुण पाहू शकतो.

डोळ्यांना न दिसणारी माहिती याहून निराळी. मोबाईलने काढलेल्या चित्राच्या पोटात 'एक्झिफ' नावाची एक टिपण असते. तीत दिवस, वेळ, कॅमेऱ्याची जात आणि स्थान नोंदविण्याची सोय चालू असेल, तर अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. डिसेंबर २०१२ मध्ये याचे एक प्रसिद्ध उदाहरण घडले. संगणकाच्या विषाणुरोधक प्रणालीमुळे नावारूपास आलेले जॉन मॅकॅफी हे बेलीझ देशातून निघून अज्ञातवासात होते. 'व्हाइस' या नियतकालिकाने त्यांच्यासमवेतचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्याच्या पोटातील टिपण काढावयास कोणी विसरले आणि ते ग्वाटेमालात आहेत, हे वाचकांनी तत्काळ शोधून काढले. संगणकाच्या सुरक्षेवर नाव कमावलेल्या माणसाचे स्थान एका चित्राने उघडे केले; तेथे आपल्या मुलांची काय कथा?

व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र नेहमीच्या रीतीने पाठविले असता ही टिपण गळून पडते. परंतु तेच चित्र स्पष्ट दिसावे म्हणून 'डॉक्युमेंट' या प्रकाराने पाठविले, तर ती तशीच पुढे जाते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याला दिलेली स्थानाची परवानगी बंद करणे. हे काम दोन मिनिटांचे आहे. ते मुलाकडूनच करवून घ्यावे, म्हणजे त्यामागचे कारणही त्याच्या ध्यानी राहील.

गेलेले परत येत नाही

जुन्या काळी छायाचित्र अल्बममध्ये असे आणि अल्बम कपाटात. पाहुणा आला म्हणजे तो बाहेर येई आणि पाहून झाला की पुन्हा आत जाई. आता चित्र एकदा पाठविले की, त्याच्या प्रती होतात. ज्याला ते मिळाले त्याच्या मोबाईलमध्ये साठते, तेथून पुढच्या ग्रुपवर जाते. 'सर्वांसाठी काढून टाका' ही सोय काही काळापुरती आहे; आणि तेवढ्यात कोणी ते साठविले किंवा पडद्याचे चित्र घेतले, तर ती निरुपयोगी ठरते. आपल्या ग्रुपमध्ये सभासद तेवढेच आहेत, हा समजही तपासून पाहावा. आपली कुटुंबे दांडिया बाजारातील वाड्यांतून निघून मांजलपूर, अलकापुरीकडे गेली. मुले पुण्यास, बंगळुरास, परदेशी गेली. प्रत्येकाचे आणखी चार ग्रुप आहेत. देवळातील चित्र तीन उड्यांत कोठे पोहोचेल, हे सांगता येत नाही.

सांप्रत एक नवी गोष्ट यात मिळाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे शिकविण्यासाठी इंटरनेटवरील चित्रे गोळा केली जातात. जर्मनीतील एका संस्थेने बनविलेल्या 'लायन-५बी' या संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे व त्यांखालचा मजकूर होता. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने २०२४ मध्ये त्याचा अत्यल्प भाग, म्हणजे ०.०००१ टक्क्याहूनही कमी, तपासला. तेवढ्यातच ऑस्ट्रेलियातील मुलांची १९० चित्रे सापडली. एका चित्रात तीन व चार वर्षांचे दोन मुलगे रंगविलेल्या भिंतीपुढे हसत उभे होते आणि सोबतच्या मजकुरात दोघांची पूर्ण नावे, वये आणि पर्थ शहरातील त्यांच्या बालवाडीचे नावही होते. आमच्या अंकातील मजकूर अगदी याच जातीचा होता, हे वाचताना आम्हांला जाणवल्यावाचून राहिले नाही.

अशा यंत्रांच्या साहाय्याने साध्या, सोज्ज्वळ चित्रावरून खोटे, लज्जास्पद चित्र बनविता येते. 'आमच्या चित्रात वाईट असे काय आहे?' हा प्रश्न त्यामुळे अपुरा पडतो. त्या चित्राचे दुसरा काय करू शकेल, हेही विचारावे लागते.

कायदा काय म्हणतो

छायाचित्र आणि खाजगीपण यांचा झगडा नवा नव्हे. अमेरिकेत १८८८ साली कोडॅक कॅमेरा आला आणि कोणीही, कोठेही चित्र काढू लागला. १८९० साली सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या दोन विधिज्ञांनी खाजगीपणाच्या हक्कावर एक निबंध लिहिला. परवानगीवाचून काढलेली छायाचित्रे आणि चव्हाट्यावर गृहजीवन आणणारी वृत्तपत्रे हे त्याचे एक प्रमुख निमित्त होते.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला तो बालक मानतो; बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे आणि बालकांच्या हालचालींचा माग काढून त्यांना जाहिराती न दाखविण्याचे बंधन तो कंपन्यांवर घालतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू करावयाचे ठरले आहे.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एखाद्या व्यक्तीने केवळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या व्यवहारास हा कायदा लागू नाही. अर्थात आई, आजोबा किंवा मामा यांनी मुलाचे चित्र कोणाला पाठवावे, हे पाहावयास कोणी अधिकारी येणार नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलाच्या प्रतिमेचा हक्क आईवडिलांनी मिळून जपावा आणि मुलाचे वय व समज पाहून त्यालाही निर्णयात घ्यावे, असा कायदा केला. आपल्याकडे हे काम घरालाच करावयाचे आहे.

ओसरी, माजघर आणि देवघर

मुलांना हा विषय समजाविताना भीती घालू नये, असे आमचे मत आहे. भ्यालेले मूल मोबाईल सोडत नाही. ते फक्त आपल्यापासून लपवू लागते. त्याऐवजी जुन्या घराची रचना त्याला सांगावी. पूर्वीच्या घराला ओसरी असे. तेथे वाटसरूही टेकत असे. आत माजघर, तेथे आप्त आणि घरोब्याची माणसे येत. त्याहून आत देवघर. तेथे घरच्यांचा, सोवळ्याओवळ्याचा वावर. कोणी ओसरीवर बसला म्हणून त्याचा अपमान होत नसे. जो तो आपली पायरी ओळखून असे. पुष्कळ देवळांत आजही सभामंडपात छायाचित्र घेऊ देतात, गाभाऱ्यात घेऊ देत नाहीत. देवाला लपवावयाचे असते म्हणून ही मर्यादा नसते; काही दर्शन समोर येऊन, हात जोडूनच घ्यावयाचे असते.

छायाचित्रांचेही असेच तीन भाग करावेत. डोंगर, रांगोळी, आरास, मुलाने काढलेले चित्र हे ओसरीचे. ते कोणीही पाहावे. सणावारी काढलेले कुटुंबाचे, मुंजीचे, वाढदिवसाचे छायाचित्र माजघराचे. ते ओळखीच्या, मोजक्या माणसांपुरते. न्हाणीघरातील बाळ, आजारातील, रडतानाचे, कपडे बदलतानाचे चित्र, तसेच ओळखपत्र, गुणपत्रक आणि आधार कार्ड यांचे चित्र देवघराचे. ते घराबाहेर जाऊ नये, आणि त्यांतील काही काढूच नयेत. एखाद्या रविवारी मुलाला जवळ घेऊन मोबाईलमधील वीस छायाचित्रे दाखवावीत आणि प्रत्येकाची जागा त्यालाच ठरवू द्यावी. कित्येकदा आपण ओसरीवर ठेवलेले चित्र मूल माजघरात नेते, असा अनुभव येईल. तेव्हा त्याचे ऐकावे.

आपल्या आज्या तान्ह्या बाळाला सव्वा महिना फारसे कोणाला दाखवीत नसत, आणि दाखविलेच तर तीट लावून. दृष्टीची कल्पना कोणी मानो वा न मानो. बाळ सर्वांनी पाहावयाची वस्तू नाही, हे शहाणपण त्यात होते. आज बाळाचे चित्र जन्मानंतर तासाभरात शंभर जणांच्या हाती असते.

वयोमानाप्रमाणे पाठ

पाच ते आठ वर्षांच्या मुलाला एवढेच पुरे : फोटो काढण्यापूर्वी विचारावयाचे आणि 'नको' म्हटले तर थांबावयाचे. मोठ्यांनी हाच नियम त्याच्याशी पाळावा. "बाळा, हा फोटो नागपूरच्या आत्याला पाठवू का?" असे विचारावे, आणि 'नको' म्हटल्यास हसण्यावारी नेऊ नये. आत्याबाई रागावणार नाहीत. रागावल्याच तर त्यांना हा अंक द्यावा.

नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला चित्र वाचावयास शिकवावे. एखादे छायाचित्र समोर ठेवून 'यावरून परक्याला काय काय कळेल?' असा खेळ खेळावा. गणवेश, पाटी, क्रमांक, वेळ ही मुले मोठ्यांपेक्षा लवकर शोधतात. चित्रात मित्र असेल, तर तेवढाच हक्क त्याचाही आहे, हे याच वयात सांगावे. मित्राचे फजितीचे चित्र वर्गाच्या ग्रुपवर टाकणे ही गंमत नव्हे. परक्याच्या माजघरात शिरणे होय.

तेरा वर्षांनंतरचा प्रश्न कठीण आहे. इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी तेरा वर्षांखालील मुलांना खाते उघडण्याची मुभा नाही. वय खोटे सांगून ते उघडून देणाऱ्या पालकांनी आपण मुलाला पहिला धडा कोणता दिला, याचा विचार करावा. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशी खाती ठेवण्यास मनाई केली आहे. आपल्या घरात कोणतेही वय ठरवा. पण ठरवा, आणि कारण सांगून ठरवा. खाते उघडल्यास ते खाजगी ठेवावे; प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाची मैत्रीची विनंती स्वीकारू नये; प्रवासाची चित्रे घरी परतल्यावर टाकावीत. व्हॉट्सअ‍ॅपवरील आपले चित्र आणि स्टेटस कोणी पाहावे, हे सेटिंगमध्ये ठरविता येते, तेही पाहून घ्यावे. आणि हे एक वाक्य मुलामुलींच्या मनावर ठसवावे : जो खाजगी चित्र मागतो आणि 'घरी सांगू नकोस' म्हणतो, त्याचे नाव त्याच दिवशी घरी सांगावयाचे.

चूक झाली तर

इतके शिकवूनही चूक होईल. मोठ्यांकडून झाली, तशी मुलांकडूनही होईल. त्या वेळी मूल आपल्याकडे येते की धमकी देणाऱ्याचे ऐकते, हे आपण पूर्वी त्याच्या लहान चुकांशी कसे वागलो यावर ठरते. "मोबाईल काढून घेईन" ही धमकी ज्या घरात रोज दिली जाते, तेथील मूल संकटात गप्प बसते. तेव्हा आधी संपूर्ण ऐकावे. 'तुझी अब्रू गेली' असे शब्द चुकूनही उच्चारू नयेत. अपराध चित्राचा दुरुपयोग करणाऱ्याचा आहे. धमकीचे संदेश पुरावा म्हणून जपून ठेवावेत, ते पुसून टाकू नयेत. पैसे देऊ नयेत. दिल्याने मागणी थांबत नाही.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सरकारच्या 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या ठिकाणी करता येते. पैशाची फसवणूक झाली असेल, तर १९३० हा क्रमांक आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ आहे. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६७ब हे कलम अशा चित्रांचा प्रसार करणाऱ्यास कठोर शिक्षा सांगते. याखेरीज बालकांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेची 'टेक इट डाऊन' ही विनामूल्य सोय आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे विवस्त्र चित्र असल्यास ते कोठेही न पाठविता, त्यावरून आपल्याच यंत्रात एक सांकेतिक क्रमांक तयार होतो आणि त्या क्रमांकाच्या आधारे सहभागी कंपन्या ते चित्र आपापल्या ठिकाणांवरून हटवू शकतात.

आमच्याकडून

उपदेश करून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. कार्यकारी मंडळाने पुढील गोष्टी ठरविल्या आहेत. पालकांची लेखी संमती आणि मुलाची तोंडी संमती असल्यावाचून कोणत्याही बालकाचे छायाचित्र या पत्रिकेत किंवा ग्रुपवर येणार नाही. विजेत्यांची नावे छापली, तर छायाचित्राशेजारी नव्हे. शाळेचे नाव व पत्ता मुळीच नाही. उत्सवातील छायाचित्रे एकच नेमलेला कार्यकर्ता घेईल आणि ती पालकांना कार्यालयातून मिळतील. 'काढून टाका' असे कोणी सांगितल्यास कारण विचारले जाणार नाही.

गेल्या वर्षीचे ते छायाचित्र आम्ही ग्रुपवरून काढण्याचा प्रयत्न केला. तोपर्यंत ते कितीतरी मोबाईलमध्ये गेले होते. ज्यांच्याजवळ ते असेल, त्यांनी कृपया पुसून टाकावे आणि पुढे पाठविले असल्यास तेथेही ही विनंती कळवावी. त्या मुलीला आम्ही हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखविला. तिने दोन वाक्ये काढावयास सांगितली; ती काढली आहेत.

घरी सर्वांनी मिळून विचार करावयाचे प्रश्न

१. गेल्या महिनाभरात आपल्या घरातून मुलांची किती छायाचित्रे बाहेर गेली? त्यांपैकी किती मुलांना विचारून?

२. आपल्या मोबाईलमधील कॅमेरा स्थान नोंदवितो का? आज सायंकाळी कोण तपासून पाहील?

३. आपल्या घरात ओसरीचे, माजघराचे आणि देवघराचे चित्र कोणते, हे मुलांनी सांगावे. मोठ्यांचे मत निराळे असल्यास कोणाचे मानावयाचे?

४. मुलाकडून चूक झाली, तर ते प्रथम कोणाकडे जाईल? आईकडे, आजोबांकडे, ताईकडे? मुलालाच विचारावे, आणि त्या व्यक्तीने न रागावता ऐकण्याचे वचन द्यावे.